गटिंग मशीन घेताना पैसे कुठे घालायचे

बॅडमिंटनच्या चांगल्या रॅकेटचं वजन ८०-९० ग्रॅम भरतं. तिच्यात साधारण २२ उभे गट, म्हणजे जाळीचे दोरे, असतात. प्रत्येक गट २४ पौंडांना ओढला तर बेरीज ५२८ पौंड होते, म्हणजे जवळजवळ २४० किलो. उभे गट भरून झालेत आणि आडवे अजून घालायचेत, अशा वेळी कार्बनची ती बारीक कड हा सगळा भार एकाच दिशेने सोसत असते. वरचं टोक आणि गळा एकमेकांकडे खेचले जातात, दोन्ही बगला बाहेर फुगायला बघतात. पहिलं गटिंग मशीन घ्यायला निघालेल्या माणसाने हा आकडा आधी मनात पक्का करावा. दुकानदार डिजिटल आकडे आणि बटणं दाखवतो आणि आपलं लक्ष ताण मोजणाऱ्या भागाकडे जातं. मशीनचं पहिलं काम मात्र २४० किलोंचा भार येत असताना रॅकेटचा आकार जसाच्या तसा धरून ठेवणं हे आहे. ताण दोन पौंड इकडेतिकडे झाला तर खेळाडू कुरकुरेल. आकार बिघडला तर रॅकेटच गेली.

कोकणातल्या खेडसारख्या तालुक्याच्या गावात टेनिसच्या गटिंग मशीनचा विचार सुरू केला तरी तो बॅडमिंटनपाशीच येतो, आणि ते बरोबरच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावरचं टेनिस कोर्ट जवळपास बंदच समजायचं, आणि उरलेले महिने ते खेळण्याजोगं राखायचं तर जागा, माणूस आणि पैसा तिन्ही लागतात. बॅडमिंटनला डोक्यावर छप्पर आणि मधे जाळी एवढं पुरतं. या खेळाचे पहिले नियम १८७०च्या दशकात पुण्याच्या इंग्रज छावणीतच बांधले गेले, आणि १९५६ मध्ये मलायातली सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरलेले नंदू नाटेकर सांगलीचे. हा खेळ महाराष्ट्रात तालुक्यापर्यंत पोचला आहे. त्याच्या मागून रॅकेटची दुरुस्ती पोचलेली नाही.

ती नसल्याने काय होतं ते बघू. गट तुटला की रॅकेट चिपळूणला, नाहीतर मुंबई-पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची आणि वाट बघायची. या वाट बघण्यात रॅकेटचं खरं नुकसान होतं. एक गट तुटतो तेव्हा त्याच्या आसपासचा ताण उतरतो, पण बाकीचे गट ओढ धरूनच असतात. कडेवर एका बाजूने भार, दुसऱ्या बाजूने काही नाही, अशी ती दहा-पंधरा दिवस पिशवीत पडली तर आकार बदलू शकतो, आधीची बारीक चीर वाढू शकते. म्हणून गट तुटला की त्याच दिवशी उरलेले गट कापून टाकावेत, मधल्यापासून सुरुवात करून आळीपाळीने बाहेरच्या बाजूला जात. मशीन घ्या अगर घेऊ नका, एवढं प्रत्येक खेळाडूने करावं. चांगल्या रॅकेटची निम्मी काळजी इथेच घेतली जाते.

हाताने गटिंग करणारे कसबी लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. आरी, खुंट्या आणि हाताची ओढ एवढ्यावर ते रॅकेट भरतात. त्यांच्या बोटांना जे कळतं ते मशीनवाल्याला कळायला बराच काळ जातो. पण हाताच्या ओढीला आकडा नसतो. लाकडी रॅकेटच्या काळात त्याचं फारसं अडत नसे, कारण कड जाड होती आणि ताणही बेताचा असे. आजच्या कार्बन रॅकेटच्या दांडीवर किंवा गळ्याजवळ कमाल ताण छापलेला असतो आणि शाळकरी मुलगासुद्धा ‘चोवीसला करा’ म्हणून सांगतो. आज २४, पुढच्या महिन्यातही तेच २४, हे मशीनशिवाय जमत नाही. पुण्यात बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची स्पर्धा होत असे. अशा स्पर्धांमध्ये खेळाडू सामन्याआधी रॅकेट ताज्या भरून घेतात आणि शक्य असेल तर स्पर्धा संपेपर्यंत माणूस आणि मशीन बदलू देत नाहीत. कारण एका मशीनवरचे २४ आणि दुसऱ्यावरचे २४ हाताला वेगळे लागतात.

आता मशीनकडे. त्याचे तीन भाग वेगवेगळे तोलायचे: रॅकेट धरणारे आधार, भरलेला गट धरून ठेवणारे क्लॅम्प, आणि गट ओढणारी यंत्रणा.

आधारांपासून सुरुवात. सर्वांत स्वस्त मशीनवर रॅकेट दोनच ठिकाणी धरलेली असते, टोकाला आणि गळ्याशी. टेनिसची रॅकेट तीनशे ग्रॅमच्या घरातली, तिची कड रुंद आणि भरीव. काळजीपूर्वक काम केलं तर ती दोन आधारांवर निभावते. बॅडमिंटनच्या रॅकेटवर हा प्रयोग मी कुणालाही करू देणार नाही. तिला टोक, गळा आणि दोन्ही बाजूंचे खांदे मिळून सहा ठिकाणी आधार हवा, म्हणजे उभे गट ओढताना बगला बाहेर येत नाहीत. विकत घेण्यापूर्वी आपली रॅकेट घेऊन जा आणि बसवून बघा. आधारांच्या गाद्या कडेला सारख्या टेकतात का? एखादी गादी गट ओवायच्या भोकांवर तर येत नाही ना? आधार घट्ट केल्यावर रॅकेट हलवली तर खुळखुळते का? फिरत्या तबकडीला डुगडुग आहे का? या चार गोष्टी दहा मिनिटांत समजतात, आणि मशीनच्या जाहिरातीत त्यांच्याबद्दल सहसा काही लिहिलेलं नसतं.

आकार टिकला की नाही हे बघायला वेगळं उपकरण लागत नाही. नियमाप्रमाणे बॅडमिंटन रॅकेटची लांबी ६८० मिलिमीटरच्या वर नसावी. बहुतेक रॅकेट त्याहून पाच-सहा मिलिमीटर आखूड असतात. भरण्याआधी पट्टीने टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत मोजा, भरून झाल्यावर पुन्हा मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेला तर आधार तरी नीट बसले नव्हते किंवा आडव्यांचा ताण चुकला होता. बॅडमिंटनमध्ये आडवे गट उभ्यांपेक्षा एक-दोन पौंड जास्त ओढतात ते याचसाठी. उभ्यांनी बाहेर ढकललेल्या बगला आडवे पुन्हा आत घेतात.

क्लॅम्प दोन तऱ्हांचे. सुटे क्लॅम्प शेजारच्या दोन गटांना एकत्र चावून धरतात. मशीनशी त्यांचा काही संबंध नसतो, म्हणून ते स्वस्त पडतात. ओढ सोडली की सुटा क्लॅम्प थोडा कलतो आणि तेवढा ताण हातचा जातो. शिवाय पहिल्या गटाला शेजारी दुसरा गटच नसतो, तिथे वेगळी युक्ती करावी लागते. स्थिर क्लॅम्प तबकडीवरच्या खाचेत सरकतात, हव्या त्या जागी घट्ट होतात आणि एकट्या गटाला जागच्या जागी धरतात. थोडे जास्त पैसे लागले तरी पहिल्याच मशीनला स्थिर क्लॅम्प घ्यावेत असं माझं ठाम मत आहे. नवशिक्याचा सर्वांत जास्त ताण वाया जातो तो क्लॅम्पपाशीच.

क्लॅम्पचे दात बघताना भिंग नसलं तरी डोळे जवळ न्या. टेनिसचा गट १.२५ ते १.३० मिलिमीटर जाड, बॅडमिंटनचा ०.६५ ते ०.७० मिलिमीटर. आपल्याकडे सगळीकडे चालणारा योनेक्सचा बीजी ६५ हा ०.७० चा आहे, बीजी ८० हा ०.६८ चा. टेनिसच्या क्लॅम्पचे जाड दात बॅडमिंटनच्या दाट विणीत शिरतच नाहीत, आणि जबरदस्तीने घुसवले तर शेजारचा गट खरवडला जातो. दोन्ही खेळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मशीनसोबत बॅडमिंटनचे बारीक क्लॅम्प वेगळे येतात की नाही, हे किंमत विचारण्याच्या आधी विचारायचं.

राहिली ओढणारी यंत्रणा. तिच्याही तीन तऱ्हा आहेत. एकीत दांड्यावरचं वजन खाली येतं आणि गट ओढतं. दुसरीत हाताने फिरवायची मूठ आणि आत स्प्रिंग असते. ठरलेला ताण आला की खट्‌कन ब्रेक लागतो. तिसरी विजेवरची.

वजनाच्या मशीनची रचना सरळ तरफेची आहे. गट एका छोट्या चकतीला पकडलेला असतो, त्याच चकतीतून दांडा निघतो, दांड्यावर वजन सरकतं. समजा चकतीची त्रिज्या २.५ सेंटिमीटर आणि वजन ३ किलो. २४ पौंड म्हणजे १०.९ किलो. १०.९ ला २.५ ने गुणायचं, ३ ने भागायचं, उत्तर ९.१ सेंटिमीटर. वजन चकतीच्या मध्यापासून तेवढ्या अंतरावर ठेवलं आणि दांडा आडवा झाला की गटावर बरोबर २४ पौंड असतात. दांड्याचं स्वतःचं वजन इथे धरलेलं नाही. दांड्यावरच्या खुणा करताना कारखान्याने ते धरलेलं असतं. टेनिसच्या ५० पौंडांसाठी हेच अंतर १८.९ सेंटिमीटर होतं. यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे.

दांडा अगदी आडवा यायला हवा, या धास्तीने नवशिके हैराण होतात आणि एकेका गटाला चार-चार वेळा पकडतात. धास्ती किती बाळगावी हे गणितच सांगतं. दांडा १० अंश कलता राहिला तर ताण दीड टक्क्याने कमी पडतो. २४ पौंडांवर ही घट पाऊण पौंडाच्या निम्मीसुद्धा नाही. २० अंशांना मात्र ६ टक्के जातात, म्हणजे दीड पौंड. ३० अंशांना तीन पौंडांच्या वर. तेव्हा डोळ्याला आडवा दिसला की पुढे जायचं. चकतीला गट न सोडता दांडा पुन्हा वर उचलता येईल अशी रॅचेटची सोय असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे जरूर द्यावेत. आडवा दांडा मिळवण्यातला वेळ आणि वैताग ती निम्म्यावर आणते.

वजन आणि वीज या दोन्ही तऱ्हांत ओढ चालू राहते. गट ओढल्यावर तो काही सेकंद हळूहळू लांबतच असतो, आणि दांडा किंवा मोटर त्याच्या मागे जात राहते. मुठीच्या मशीनमध्ये ब्रेक लागला की ओढ तिथेच थांबते, गट मात्र पुढेही थोडा सैल होतो. म्हणून मुठीच्या मशीनवर तोच आकडा लावला तरी रॅकेट जरा मऊ लागते. हा दोष म्हणायचं कारण नाही. आकडा एक-दोन पौंड वर लावला की भागतं, आणि वेगाच्या बाबतीत मूठ वजनाच्या बरीच पुढे आहे. पण ब्रेक आणि स्प्रिंग दोन्ही झिजणारे भाग आहेत, आणि कोकणच्या दमट हवेत स्प्रिंगला गंज चढायला वेळ लागत नाही.

विजेचं मशीन सर्वांत सोपं आणि वेगवान. रोज आठ-दहा रॅकेट येत असतील तर तेच घ्यावं. खेडमध्ये पहिलं मशीन म्हणून मी ते सुचवणार नाही. जुलैच्या वादळी पावसात वीज जाते, आली तरी दाब खालीवर होतो, म्हणजे स्टॅबिलायझर आणि बॅटरीचा खर्च वेगळा. आतला बोर्ड गेला तर मशीन बांधून मुंबई किंवा पुण्याला न्यायचं. आणि मुख्य म्हणजे त्याच किमतीत मोटर बसवायची तर कारखान्याने पैसे कुठेतरी वाचवलेले असतात; कमी किमतीच्या विजेच्या मशीनमध्ये ते बहुधा आधारांत आणि क्लॅम्पमध्ये वाचवलेले दिसतात. दोन आधारांचं विजेचं मशीन आणि सहा आधारांचं, स्थिर क्लॅम्पचं वजनाचं मशीन एकाच किमतीला समोर असेल तर दुसरं उचलावं.

उचलावं हा शब्द शब्दशः घ्या. जुलै २०२१ मध्ये जगबुडी नदीचं पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांत जे हलवता आलं नाही ते गेलं. टेबलावर ठेवायचं मशीन एका माणसाला माळ्यावर नेता येतं. जमिनीवर खांबासकट उभं राहणारं मशीन दिसायला रुबाबदार असलं तरी नदीकाठच्या गावात तळमजल्यावर नको.

परवडेल का, याचा हिशेब करताना मशीनच्या किमतीपेक्षा रॅकेटच्या संख्येकडे बघायचं. उदाहरणादाखल आकडे घेऊ, तुम्ही आपले घाला. मशीन २०,००० रुपयांना पडलं. बाहेर गट आणि मजुरी धरून ५०० रुपये लागतात. गटाचं २०० मीटरचं रीळ आणलं तर एका रॅकेटला १० मीटर लागतात, म्हणजे रिळात हिशेबाने वीस रॅकेट, हात बसेपर्यंत अठरा-एकोणीस धरा. रिळातला गट रॅकेटमागे २५० ला पडला तर प्रत्येक वेळी २५० वाचतात आणि ८० रॅकेटनंतर मशीन फिटतं. घरात दोनच रॅकेट आणि वर्षाला चारदा गटिंग असेल तर ८० गाठायला दहा वर्षं लागतील. तेवढ्यासाठी मशीन घेऊ नये, सरळ बाहेर द्यावं. पण रोज संध्याकाळी खेळणारे बाराजण एकत्र आले आणि प्रत्येकाची रॅकेट वर्षाला चारदा भरली, तर ४८ रॅकेट होतात आणि वीस महिन्यांत पैसे वसूल. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षातून गटिंग, असा खेळाडूंचा ढोबळ ठोकताळा आहे, त्यामुळे वर्षाला चारदा हा आकडा काही वाढीव नाही. शाळा, मंडळ किंवा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांचा चमू असेल तर वर्गणीतून मशीन घेणं सर्वांत शहाणपणाचं, मात्र हात एकाच-दोघांचे असावेत.

टेनिसची रॅकेट अधूनमधूनच येणार असेल तरी मशीन निदान ६० पौंडांपर्यंत ओढणारं घ्यावं. तिचा ताण ४५ ते ६० पौंडांत असतो आणि एका रॅकेटला १२ मीटर गट लागतो. वीण विरळ असल्याने शिकायला तीच सोपी आहे, १६ उभे आणि १९ आडवे ही नेहमीची मांडणी. पॉलिस्टरचे कडक गट नवख्या हाताला आणि नवख्या खेळाडूच्या कोपराला दोन्हीला जाचतात. गुस्ताव्हो कुएर्तेनने १९९७ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली ती पॉलिस्टरवर, आणि तेव्हापासून जगभर त्याची चलती झाली. गावातल्या खेळाडूला मात्र साधा नायलॉन बरा. आतड्याचा खरा गट, जो फ्रान्समध्ये बाबोला १८७५ पासून बनवत आले आहेत, तो ओलाव्याने फुगतो आणि त्याचे तंतू सुटतात. कोकणच्या पावसाळ्यात त्याचा विचारही करू नका. नायलॉनचं रीळसुद्धा दमट हवेपासून जपून, झाकणाच्या घट्ट डब्यात ठेवावं.

मशीनखेरीज लागणाऱ्या वस्तू हार्डवेअरच्या दुकानात मिळतात: टोकदार पक्कड, चांगला कटर, आणि टोक घासून गुळगुळीत केलेली आरी. आरीची धार राहिली तर भोकात आधीपासून असलेला गट कापला जातो. जास्तीचे ग्रोमेट, म्हणजे भोकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या, मात्र मशीनबरोबरच मागवून ठेवा. फुटलेल्या नळीतून ओवलेला गट कार्बनच्या धारेवर दोन दिवसांत तुटतो आणि बोल गटिंग करणाऱ्याला लागतो.

मशीनवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. लटकवायचा डिजिटल काटा घ्या, सामान मोजायला वापरतात तो चालतो. काट्याचं एक टोक आधाराला बांधा, दुसऱ्या टोकाला गटाचा तुकडा बांधून मशीनने २४ ला ओढा. काट्यावर १०.९ किलो दिसायला हवेत. १०.४ दिसले तर मशीन २३ ला ओढतंय, आणि खूण तेवढी पुढे सरकवायची. वजनाच्या मशीनचं हे महिन्यातून एकदा केलं तरी पुरे, मुठीचं आठवड्याला करावं.

पहिल्या काही रॅकेट स्वतःच्या, जुन्या आणि २० पौंडांच्या असाव्यात. बाज विणल्यासारखा एक वरून एक खालून असा आडवा गट ओवत जायचा आणि तो सरळ करून मगच ओढायचा, हे बोटांत बसायला वेळ लागतो. सुरुवातीला एका रॅकेटला दोन तास गेले तरी चिंता नको, सरावाने ते चाळीस मिनिटांवर येतं. आडवा गट ओवताना तो उभ्यांवरून सरसर ओढू नका. नायलॉन नायलॉनवर एकाच जागी घासला की गरम होतो आणि खाच पडते. ओवताना गटाला कमानीसारखा बाक देऊन तो वरखाली हलवत ओढला की घासण्याची जागा बदलत राहते.

दुसऱ्याची रॅकेट हातात घेतली की आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवा, टोकाशी आणि चार-आठ वाजण्याच्या जागी चिरा बघा, आणि सापडलेली चीर मालकाला त्याच्यासमोरच दाखवा. मग वहीत लिहा: नाव, तारीख, रॅकेट, गट, उभ्यांचा ताण, आडव्यांचा ताण, भरण्याआधीची आणि नंतरची लांबी. गट तुटून रॅकेट परत आली की तारखेपुढे तो कुठे तुटला तेही लिहा. मधोमध तुटला तर झिजून तुटला. कडेशी तुटला तर शटल चुकीच्या जागी लागलं किंवा ग्रोमेट फाटला होता. एकाच खेळाडूच्या अशा चार-पाच नोंदी जमल्या की पुढच्या वेळी एक पौंड उतरवून बघू का, असं त्याला वहीतले आकडे दाखवून विचारता येतं.